तार्तूला निघालो आणि सापडलो

नाही सांगत, जा! दोन तासांचा प्रवास आहे, खिडकीबाहेर बघा, डुलक्या काढा, विणकाम करा… पण नाही! त्या ड्रायव्हरला कोणी सांगितलं होतं आरशात बघून ओरडायला, "अहो, हेच ते हरवलेले आजोबा!" म्हणून? आणि लगेच अख्खी बस माझ्याकडे वळली, जसं काही मी सर्कशीतलं अस्वल! आणि ही माझी बायको, माइमू, ही कोपरानं ढोसतेय, "सांग ना रे, लोक विचारतायत." हिचं कोपर पन्नास वर्षं त्याच एका फासळीवर बसतंय, तुम्हाला सांगतो, फासळीला खळगा पडलाय. बरं, सांगतो. पण आधी एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवा, मगच ऐका. मी हरवलो नव्हतो! पेपरात आलं ते खोटं. ज्याला आपण कुठं आहोत ते पक्कं ठाऊक असतं, तो माणूस हरवलेला नसतो. बाकीच्यांना ठाऊक नव्हतं, तर तो बाकीच्यांचा प्रश्न! आणि त्यांना ठाऊक नसावं म्हणूनच तर मी…

थांबा, मुळापासून सांगतो.

माइमूला तार्तू शहर बघायचं होतं. आता मला सांगा, का? आयुष्य गेलं हिचं कोर्बिकू गावात, गायी, बटाटे, बीट, शनिवारी सौनात वाफेची अंघोळ, सगळं ठीक चाललेलं, आणि अचानक ऑगस्टात टूम निघाली, "आक्सेल, आपण तार्तूला जाऊ. लग्नाला पन्नास वर्षं झाली. लग्नाच्या वेळी तू कबूल केलं होतंस." मी म्हटलं, कबूल केलं होतं तर केलं होतं, शब्द काय नासतो का? ठेवलाय जपून. तर ती म्हणाली, "त्या आठवड्यात पाऊस पडून ऊन आलं आणि तू रानात पळालास. नव्या नवरीला घरी ठेवून. अळंब्या आणायला!" हो, आणायला गेलो होतो. दोन टोपल्या आणल्या. खाल्ल्या कोणी?

मग आमची पोरगी, पिरेट, ती तार्तूच्या विद्यापीठात ग्रंथालयात काम करते, तिनं फोनवरून यादी सांगितली आणि माइमूनं ती कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेतली. काय काय बघायचं! एक: चौकातलं वाकडं घर. म्हणजे घर वाकडं झालंय, दोनशे वर्षं वाकडंच उभं आहे, आणि लोक लांबून ते बघायला येतात. का? मी विचारतो, का? माझा गोठा इतकासा कलला तर पंचायतीचा माणूस कागद घेऊन आला, आक्सेल, हे धोकादायक आहे, पाडून टाक. तिथं शिकलेली माणसं राहतात, तर वाकडं घर म्हणे शहराची शान!

दोन: कारंज्यात छत्री घेऊन एकमेकांचा मुका घेणारे दोन विद्यार्थी, ब्राँझचे. मी म्हटलं, माइमू, मुके बघायला दोन तास बसमध्ये बसायचं? ती म्हणाली, "इथं तरी कुठं बघायला मिळतात?" जाऊ द्या…

तीन: विद्यापीठाची ती पांढऱ्या खांबांची इमारत आणि तिच्या माळ्यावरची कोठडी. पूर्वी म्हणे विद्यार्थ्यांना तिथं कोंडून ठेवायचे, दंगा केला, शिवीगाळ केली, ग्रंथालयाचं पुस्तक वेळेत परत केलं नाही की कोंडायचे! इथं माझे कान उभे राहिले. कारण तुम्हाला सांगतो, एकोणसत्तर सालापासून माझ्याकडे गावच्या वाचनालयाचं एक पुस्तक आहे, मधमाश्यांवरचं. माझी शाळा सहा इयत्ता, पण ते पुस्तक मी दोनदा वाचलंय. आणि माझी सख्खी पोरगी ग्रंथालयात! आणि तीच म्हणते, "बाबा, कोठडी बघायलाच हवी तुला, चढून जाऊ आपण." मला? मलाच का?

पण खरा संशय आला तो एन्डेलमुळे.

एन्डेल म्हणजे आमचा शेजारी. साठ वर्षं कुंपणाला कुंपण. मी सामुदायिक शेतावर ट्रॅक्टर चालवायचो, तो दुरुस्त करायचा, म्हणजे बिघडवायचा. तर हा एन्डेल, जो बारा महिन्यांत बारा शब्द बोलतो, तो एके दिवशी स्वतःहून दारात! हातात बसचं वेळापत्रक, स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं. "जा रे आक्सेल," म्हणे, "जन्मात एकदा तार्तू बघून ये. शनिवारी जा. शनिवार बरा." मी म्हटलं, शनिवारच का? "हवा चांगली आहे," म्हणे. "गुरुवारी पाऊस आहे, शनिवारी ऊन." ऐकलंत? गुरुवारी पाऊस, शनिवारी ऊन! ऑगस्टच्या शेवटी! आणि वर काय म्हणाला, "मुरीची काळजी करू नकोस, मी बघतो त्याला." मुरी म्हणजे आमचा कुत्रा. आणि मी खाली बघितलं तर एन्डेलच्या पायात काय? नवेकोरे रबरी बूट!

आता तुम्ही शहरातले दिसता, तुमच्या लक्षात येणार नाही. पण या बसमध्ये एखादा तरी आमच्या बाजूचा असेल, त्याला विचारा, पावसानंतर दोन दिवसांनी ऊन पडलं की रानात काय उगवतं? कोंबडअळंबी! पिवळीधम्मक, अंड्याच्या बलकासारखी. आणि माझी एक जागा आहे… होती. माझ्या बापानं मरायच्या आदल्या दिवशी, माझ्या आईला पाणी आणायला पाठवून, माझ्या कानात सांगितलेली जागा. आईला सांगितली नव्हती. मीही माइमूला सांगितली नाही, पन्नास वर्षांत नाही, पिरेटलाही नाही. सायकलवर उलट्या दिशेनं निघायचो, दलदलीला वळसा घालायचो, येताना तिसऱ्याच रस्त्यानं. टोपलीवर कोट. याला तुम्ही संशयी म्हणा, आमच्याकडे याला अळंब्या आणणं म्हणतात. आणि अठ्ठ्याण्णव साली याच एन्डेलला मी एका पाइनच्या मागं पकडलं होतं. "लघवीला थांबलोय," म्हणाला. गावापासून चार किलोमीटरवर लघवी? का? गावात जागा नव्हती?

तेव्हा मी सगळं जुळवलं. बायको म्हणते जाऊ, पोरगी म्हणते या, शेजारी म्हणतो शनिवारी जा, कुत्रा मी सांभाळतो. उगाच कोणी इतकं गोड वागतं का?

शनिवारी सूट घातला, लग्नातला, टाय लावला, हॅट घातली, बुटांना पॉलिश. माइमूच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही मला जरा संशयास्पदच वाटलं. बसमध्ये चढलो. हीच बस. मी म्हटलं, माइमू, तू पुढं बस, मला पुढं मळमळतं, मी मागं बसतो. आणि ती पुढं एका दुसऱ्या म्हातारीशी बिटाच्या लोणच्यावर बोलायला लागली की पुढचा थांबा आला, जुन्या दूधडेअरीचा, मागचं दार उघडलं, आणि मी… बघा, तोच थांबा आला! ती पत्र्याची शेड! इथंच उतरलो मी… माइमू, बाही सोड! अगं, सोड बाही, उतरत नाहीये मी! सगळी बस बघतेय! बघितलंत? म्हणून तर ही आज बाहेरच्या बाजूला बसलीय आणि मला खिडकीला कोंबलंय. ती कोठडी बघायला तार्तूपर्यंत जायची गरजच काय?

तर उतरलो. दलदलीच्या कडेनं, पॉलिशच्या बुटांनी, माझ्या जागेवर पोचलो. आणि काय सांगू तुम्हाला… पिवळं! नुसतं पिवळं! मॉसवर, म्हणजे त्या जाड शेवाळावर, कोणी लोणी सांडल्यासारखं. एवढं पीक बापाच्या वेळेलाही बघितलं नव्हतं. टोपली नव्हती, हॅट काढली, भरली. मग आमच्याकडे स्प्रूसच्या झाडाच्या फांद्या लोळतात जमिनीवर, तशा एका झाडाखाली शिरून बसलो. खिशात काळा पाव आणि डुकराच्या चरबीचा तुकडा होता. फोन बंद केला, कारण फोनवरून कळतं म्हणे माणूस कुठं आहे. बसलो वाट बघत. येऊ दे एन्डेलला नवे बूट घालून, म्हटलं, रंगेहाथ पकडतो.

एक तास, दोन तास. एन्डेल नाही. आणि मग डोक्यावर घुंऽऽऽ… वर बघतो तर ते उडणारं यंत्र, चार पंख्यांचं, कॅमेरा लावलेलं, झाडांवरून फिरतंय! मी म्हटलं, बास! एन्डेलनं यंत्र आणलं! अळंब्या शोधायला आकाशातून! मी काय केलं? जे कोणीही शहाणा माणूस करेल ते. मॉस उपटलं, अळंब्यांवर पसरलं, उरलेलं अंगावर ओढून घेतलं आणि सपाट पडून राहिलो. सूटसकट.

मग हाका. "आक्सेऽऽल! आक्सेऽऽल!" एक नाही, दहा बाजूंनी. आता आमच्याकडचं तान्हं पोरसुद्धा सांगेल, चांगल्या जागेवर असताना रानात कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. आईनं मारली तरी नाही! ओ दिली की जागा कळली. मी दातावर दात ठेवून गप्प. आणि त्यात एन्डेलचा आवाज, घोगरा, "ओरड रे मेल्या! आक्सेल, काहीतरी ओरड! अरे, नुसता खोक तरी!" आवाज रडवेला. मी म्हटलं, वा, काय नाटकी आहे! साठ वर्षं लपवलंन हे!

ते सगळे पन्नास पावलांवरून निघून चालले होते. तुम्हाला सांगतो, निघून चालले होते! आवाज लांब जायला लागले… आणि एवढ्यात झुडपातून काय आलं? मुरी! माझा मुरी, मी हातानं वाढवलेला, दर वेळी बरोबर नेलेला, या जगात ती जागा ठाऊक असलेला माझ्याशिवाय एकच जीव! मी कुजबुजलो, मुरी, गप. मुरी, घरी जा. तो माझ्या तोंडावर उभा राहिला आणि असा भुंकला, असा भुंकला…

झालं. आधी एन्डेल आला. मग नारिंगी जाकिटवाले, मग पोलीस, मग गावातले, शेजारच्या गावातले, चाळीस माणसं, आणि मधोमध मी, सूट, टाय, डोक्यावर मॉस. माइमू पुढच्याच थांब्यावर उतरली होती, मागची सीट रिकामी बघून. पिरेटला फोन, पिरेटचा बचाव दलाला फोन, "अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील, हृदयाच्या गोळ्या चालू, बसमधून नाहीसे." सगळे गोल करून उभे. आणि गप्प. मला वाटलं, माझ्यासाठी गप्प आहेत. नाही! सगळे खाली बघत होते. मुरीनं नाचून नाचून मॉस उकरलं होतं. एक बाई हळूच म्हणाली, "अगंबाई… केवढ्या या!" आणि मग काय हो, हेल्मेटं भरली! खिसे भरले! नारिंगी जाकिटांच्या झोळ्या झाल्या! पोलिसानं जागेची नोंद यंत्रात केली आणि सोमवारी पेपरात नकाशा, त्यावर फुली. "हरवलेले वृद्ध येथे सापडले." मी हरवलो नव्हतो!

एकानंच एकसुद्धा उचलली नाही. एन्डेलनं. त्यानं आपला कोट माझ्या खांद्यावर टाकला, माझ्या शेजारी ओल्यात बसला आणि नाक पुसत राहिला. मी म्हटलं, घे की आता, लाजतोस कशाला? तर म्हणाला, "मला कुठं चालतात त्या? लहानपणापासून अंगावर गांध्या उठतात. माइमूनं सांगितलं होतं, तुला कसंही करून गाडीत बसव." मी म्हटलं, मग नवे बूट? "जुने फाटले होते." आणि अठ्ठ्याण्णव साली? "लघवीला थांबलो होतो, आक्सेल."

माइमू म्हणते, एन्डेलची माफी माग. मागितली. म्हणजे कुंपणावरून अर्धा डबा मध सरकवला, आमच्याकडे तेवढ्यात माफी होते. माइमूचीही मागितली, त्याशिवाय का आज या खिडकीला कोंबलेला दिसतोय? एकदा तर ती मला म्हणाली, "पन्नास वर्षं मला एक जागा सांगितली नाहीस, मी काय तुझ्या अळंब्या विकणार होते?" पिरेट म्हणते, बाबा, ते मधमाश्यांचं पुस्तक घेऊन ये, कोणी कोंडत नाही. आणलंय, पिशवीत आहे. परत करणार नाही, पण आणलंय.

आज शनिवार. गुरुवारी पाऊस होता. आत्ता सगळं कोर्बिकू माझ्या जागेवर असणार, बादल्या घेऊन, दूरदूरच्या गाड्या लावून. राखायचं काही उरलंच नाही, मग निघालो वाकडं घर बघायला. वाकडं तर वाकडं, निदान सगळ्यांना आधीपासून ठाऊक असलेलं तरी आहे.

आणि पेपरवाल्यांनी माफी मागितली, कोपऱ्यात बारीक अक्षरात. पोलिसानं मागितली. बचाव दलातल्या एका हेल्मेटवाल्या पोरीनं तर तळलेल्या अळंब्यांची वाटी आणून दिली, माझ्याच! माफी मागायचा एकच जण उरलाय, जो सॉसेजच्या तुकड्यासाठी आता येईल त्याला जागेपर्यंत सोडून येतो आणि घरी आला की चुलीकडे तोंड करून झोपतो, माझ्याकडे बघतसुद्धा नाही… मुरी.