परकारमास्तरांची दहा माणसं

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष माननीय तात्यासाहेब कीर्तने, संस्थेचे चिटणीस राजारामपंत, नियामक मंडळाचे खुर्च्यांवर बसलेले आणि खुर्ची न मिळाल्यामुळे रुसून विंगेत उभे असलेले सन्माननीय सदस्य, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते आमचे परकारमास्तर, आणि बाकांवर, जिन्यात, खिडक्यांच्या गजांना धरून उभ्या असलेल्या माझ्या गिरणीतल्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. माजी विद्यार्थ्यानं दोन शब्द बोलावेत असं कार्यक्रमपत्रिकेत छापलं आहे. माझ्या आधी सहा वक्ते झाले. दोन तास झाले. या दोन तासांत आपल्याला काय समजलं? परकारमास्तर हे 'राष्ट्रीय वृत्तीचे मुसलमान' आहेत, हे पाच जणांनी सांगितलं. सहाव्यांनी त्यांचं नाव तीनदा 'परकाळे' असं घेतलं. दाभोळहून आलेला हा माणूस परळच्या या रात्रशाळेत सत्तावीस वर्षं गणित शिकवत होता, हे मात्र कुणाला सांगावंसं वाटलं नाही. नाव परकार, म्हणजे कंपास, आणि विषय भूमिती, यावर आम्ही पोरं हसायचो, तेव्हा मास्तर म्हणायचे, "हसा, पण वर्तुळ बंद करा." एवढा विनोद तरी कुणी सांगायचा होता!

असो. मंडळाचा मी मान राखतो. संस्थेचा कारकून आहे, राखावाच लागतो.

सत्तावन्न सालची गोष्ट सांगतो. इथले बरेच लोक त्या दिवशी हजर होते, पण आज व्यासपीठावर कुणालाच ती आठवलेली दिसत नाही.

निवडणुका होऊन गेल्या होत्या. मुंबईत संयुक्त महाराष्ट्र समितीचा जयजयकार चालला होता. छप्पनच्या जानेवारीत गोळीबार सुरू झाला, तेव्हा या शाळेच्या फाटकाला आतून कुलूप लावून बसलेली मंडळी आता छातीवर बिल्ले लावून फिरू लागली होती. नावं घेत नाही. बिल्ले अजून छातीवर आहेत, आपण बघू शकता. परकारमास्तर मात्र सत्याग्रहात पंधरा दिवस ठाण्याच्या तुरुंगात राहून आले होते. बिल्ला त्यांनी कधी लावला नाही. सदऱ्याला भोक पडतं म्हणाले.

तर अशा वेळी तात्यासाहेबांच्या मनात आलं, की शाळेत पैगंबर जयंती साजरी करावी. कल्पना वाईट होती का? मुळीच नाही. पण तात्यासाहेबांची जयंती म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. एक तसबीर, एक हार, उदबत्ती, आणि तासभर स्वतःचं भाषण. महापुरुष बदलतो, बाकी सामान तेच. त्याप्रमाणे लालबागच्या रामदास पेंटरला हुकूम गेला: पैगंबरांचं चार फुटी तैलचित्र काढ.

रामदास गणपतीच्या मूर्ती रंगवणारा, नाटकांचे पडदे रंगवणारा माणूस. तो थेट मास्तरांच्या वर्गात आला. माझं शिक्षण संपलं होतं, तरी सवयीनं मी मागच्या बाकावर येऊन बसायचो. फळ्यावर त्रिकोण काढलेला होता. दारातूनच म्हणाला, "मास्तरांनू, चेहऱ्याचो नमुनो खंय मिळात? तुमच्या घराकडे एखादी तसबीर असतलीच."

मास्तरांनी खडू खाली ठेवला. "कुणाच्या चेहऱ्याचा?"

त्यानं सांगितलं. मास्तर म्हणाले, "रामदास, नमुना माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही. आम्ही काढत नाही."

"कित्याक? एवढो मोठो माणूस, आणि तसबीर नाय?"

"मोठा होता म्हणूनच," मास्तर म्हणाले. "तू गणपती घडवतोस, ती तुझी भक्ती. तिच्याबद्दल मी बोलत नाही, बोलायचा मला अधिकार नाही. पण आमच्या पैगंबरांनीच, सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, आपल्या माणसांना बजावून ठेवलंय, की मला वाढवून चढवून ठेवू नका. मी अल्लाचा बंदा आणि त्याचा निरोप आणणारा, एवढंच म्हणा. स्वतःची चप्पल स्वतः शिवत. फाटका कपडा स्वतः सांधत. ते गेले त्या दिवशी लोक वेडेपिसे झाले, तेव्हा त्यांच्या सगळ्यांत जवळच्या मित्रानं बाहेर येऊन सांगितलं: ज्यांना पैगंबरांची पूजा करायची होती त्यांनी समजून घ्या, ते वारले. ज्यांना अल्लाची करायची आहे, त्यांचा अल्ला कधी मरत नाही. मित्र गेल्याचं दुःख त्याला कमी होतं का रे? पण माणसाचा देव होऊ द्यायचा नाही, हे त्या दुःखातही तो विसरला नाही."

चप्पल शिवण्याचं ऐकून मी बाकावर सरळ बसलो. आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले लोक. धम्म स्वीकारून वर्ष होत आलं होतं, घरातले देव नुकतेच बाहेर पडले होते. मास्तर काय म्हणताहेत, हे त्या वर्गात माझ्याइतकं कुणाला कळायला हवं होतं? हे लक्षात ठेवा, कारण माझ्याबद्दलही बोलायचं आहे.

रामदासानं विचारलं, "मग तुमी त्यांका मान कसो देतास? हार नाय, फूल नाय..."

मास्तर म्हणाले, "नाव आलं की त्यांच्यावर सलाम पाठवतो. आणि त्यांनी केलं त्यातलं जमेल ते करतो. एका लढाईत काही कैदी सापडले होते. ज्यांना लिहिता वाचता येत होतं, त्यांना पैगंबर म्हणाले, गावातल्या दहा दहा मुलांना शिकवा आणि मोकळे व्हा. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं बरं का. मी दर वर्षी त्यांच्या जन्माच्या महिन्यात दहा निरक्षर माणसं घेतो. वर्षात वाचायला शिकवतो. झाली माझी जयंती."

इतकी वर्षं हा माणूस हे करत होता आणि आमच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता. व्यासपीठावरची मंडळी एक नळ बसवला तरी संगमरवरी पाटी लावतात.

मास्तर दुसऱ्या दिवशी तात्यासाहेबांना भेटले. मी तिथे होतो. माजी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणून मंडळावर मला घेतलेलं होतं, म्हणजे चहा आणायला कुणीतरी हवं होतं.

"अहो परकार," तात्यासाहेब म्हणाले, "आम्ही तुमच्या महंमदाला आमच्या महापुरुषांच्या रांगेत बसवतोय! तुम्ही आनंदानं नाचायला हवं."

"साहेब, रांगेत बसवू नका. नाव घ्या, त्यांचं चरित्र सांगा. चित्र नको, हार नको. आमच्या माणसांना ते लागेल."

"पत्रिका छापून झाली आहे. 'प्रतिमापूजन' असं छापलंय."

"तेच तर..."

"एका शब्दासाठी पुन्हा छापायची? हा तुमचा कडवेपणा आहे, परकार. आम्ही मन मोठं करतो आणि तुम्ही लहान करता!"

मास्तर म्हणाले, "मन मोठं केलंत, उपकार झाले. आता कानही करा."

तात्यासाहेब, ते वाक्य मी बाहेर सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

रविवार उजाडला. सकाळी दहाला हाच हॉल असाच भरला होता. मदनपुऱ्यातून मुसलमान विणकर आले होते, त्यांना आत काय वाढून ठेवलंय याची कल्पना नव्हती. इथे, या टेबलाशेजारी, तिकाटण्यावर मखमली कापडाखाली झाकलेली चौकट. मास्तर शेवटच्या बाकावर. तात्यासाहेबांनी तेवढ्यात डाव टाकला: "प्रतिमेचं अनावरण आमचे परकारमास्तर करतील!" टाळ्या पडल्या. भरल्या सभेत हा माणूस नाही म्हणणार नाही, असा हिशेब.

मास्तर चालत आले. चौकटीसमोर उभे राहिले. कापडाला हात लावला नाही. सभेकडे वळून म्हणाले, "मंडळी, आज ज्यांचा दिवस आहे ते माझ्या आईबापापेक्षा मला प्यारे आहेत. म्हणूनच हे कापड माझ्या हातून निघणार नाही. कुणाला राग आला तर तो माझ्यावर काढा, एकमेकांवर काढू नका." आणि परत आपल्या बाकाकडे निघाले.

विणकर उठून उभे राहिले होते. अजून एक क्षण, आणि काय झालं असतं हे सांगता येत नाही. तोवर तात्यासाहेब तिरीमिरीत उठले, एका हातात हार, दुसऱ्या हातानं कापड ओढलं.

कॅनव्हास कोरा होता. पांढरा सफेद. एक रेघ नाही.

मागून रामदासचा आवाज आला, "काय करू, तात्यानूं? मास्तरांनी सांगल्यावर माझो हात चलाक नाय."

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? हसला असता, हार बाजूला ठेवला असता. पण पत्रिकेत पुष्पहार अर्पण करणे असं छापलेलं होतं! तात्यासाहेबांनी इकडे तिकडे पाहिलं, चिटणिसांकडे पाहिलं, आणि तो हार त्या कोऱ्या कॅनव्हासला घातला. चिटणिसांनी उदबत्तीही लावली. मग हॉल जो हसला, तो गिरणीच्या भोंग्यापेक्षा मोठा होता. विणकर हसले, गिरणीतले जॉबर मुकादम हसले, बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हसले नाहीत ते एकटे मास्तर. ते हात वर करून सगळ्यांना गप्प करत होते. कोणत्याही माणसाची फजिती त्यांना बघवत नाही. मला बघवते.

आठ दिवसांत मंडळाची बैठक झाली. 'असहकार व शिस्तभंग' या कारणास्तव शर्फुद्दीन परकार यांस सेवेतून दूर करावे, असा ठराव आला. कोऱ्या कॅनव्हासचा उल्लेख नव्हता. नऊपैकी पाच हात वर झाले. चार हात इथे व्यासपीठावर आहेत, सध्या टाळ्या वाजवण्यात गुंतलेले.

पाचवा हात माझा होता.

थांबा, मला बोलू द्या. कारकुनाची जागा रिकामी होती. बैठकीआधी चिटणिसांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. बस, एवढंच. मारलं नाही, धमकी दिली नाही. इतक्या स्वस्तात मी गेलो. ठरावाच्या नकलेवर माझी सही आहे, वळणदार. ते वळण मला परकारमास्तरांनीच लावलेलं.

मास्तर घरी बसले नाहीत. परळच्या आपल्या चाळीच्या गॅलरीत त्यांनी त्या वर्षीची दहा माणसं बसवली. हळूहळू इथले विद्यार्थीही तिकडे जाऊ लागले. इथे बाकं रिकामी पडली. त्या दहांत माझी आई सुभद्रा होती, हे मला माहीत नव्हतं. गिरणीत रीळं भरून आली, की मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगायची.

फेब्रुवारीतली एक संध्याकाळ. मी कामावरून आलो, तर आई जमिनीवर बसलेली, माझी ट्रंक उघडी, समोर ठरावाची नक्कल. बोट ठेवून ठेवून वाचत होती. पर-का-र. शि-स्त. मग खाली. कु-शा-बा.

"ही सही तुझी हाय का रं?"

मी मान हलवली.

तिनं कागद घडी करून ट्रंकेत ठेवला. म्हणाली, "मला वाचाय येत न्हवतं तवर तू लई चांगला हुतास."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांच्या गॅलरीत गेलो. म्हटलं, "मास्तर, पाचवा हात माझा होता."

"माहीत आहे. ठराव मलाही मिळाला होता."

"मग माझ्या आईला कसं शिकवलंत?"

"तिनं कुठं हात वर केला होता?"

मी माफी मागितली. मास्तर म्हणाले, "माझ्याकडे तुझं काही नाही. पण शिक्षा मला सगळ्यांदेखत झाली, आणि तू माफी मागतोस गॅलरीच्या कोपऱ्यात. बघ, हिंमत झाली की."

पुढचं आपल्याला माहीत आहे. तपासनीस आले, वर्ग ओस, मान्यता जाते की काय असं झालं, आणि याच मंडळानं याच मास्तरांना हात जोडून परत बोलावलं. आजच्या मानपत्रात त्याला 'संस्थेशी अतूट स्नेह' म्हटलं आहे.

मला हिंमत व्हायला सव्वा वर्ष लागलं. उद्या सकाळी माझ्या टेबलावर मला कमी केल्याचं पत्र येईल. चिटणीससाहेबांना त्रास नको म्हणून ते मी टाइप करून ठेवलं आहे, फक्त सही करायची.

उरले आभार. रामदास पेंटरचे मानतो, त्यांचं मानधन म्हणे अजून 'विचाराधीन' आहे. गॅलरीतल्या दहा जणांचे मानतो. त्यांतले आठ आज इथे आहेत, आणि समोर लावलेला हा फलक त्यांनी स्वतः वाचून त्यातल्या दोन चुका मला दाखवल्या आहेत. तात्यासाहेबांचे मानतो, त्यांनी मला घंटी वाजवून थांबवलं नाही. घंटी मीच खिशात घातली होती, ही घ्या.

भाषणात काही वेडंवाकडं गेलं असेल, तर त्याबद्दल व्यासपीठाची क्षमा मी मागणार नाही. परकारमास्तर, आपली मागतो. सगळ्यांदेखत. मी, कुशाबा, माझी सही होती, माझा हात होता, आणि मला कळत होतं. आई, तू तिसऱ्या रांगेत आहेस. ऐकलंस ना?

मी रजा घेतो.