मानाचं शेत

(अनगोळ, १९१९. शाळा सुटली आहे. वर्गात दोघेच.)

भरमू : आनि गुंडूच्या घरला फ्रान्सातनं आलेलं ह्ये पत्र तुमी साऱ्या गावाला वाचून दाखवलंसा, मास्तर?

नागोजी मास्तर : चावडीवर. दोनदा. लोकांनी आग्रहच केला. या पंचक्रोशीत फ्रेंच येणारा मी एकटा, भरमू. पाद्रीसाहेब बदलून जाताना पुस्तक आणि कोश मलाच देऊन गेले.

भरमू : पुस्तक दिलं, व्हय. आता मला सांगा, गुंडूला तिकडं शेत मिळालं, ते कुठल्या वळीत हाय? काल पलटणीतनं सुटून घरी आलो, तर आई म्हणत्या, तुझा दोस्त फ्रान्सात जमीनदार झाला. त्याच मुलखात मी वरीसभर चिखल खणला, मास्तर. मला एक वाफाबी कुणी दिला न्हाय.

नागोजी मास्तर : मत्सर बरा नव्हे. ही बघ ओळ. ‘तोंबे ओ शां दॉनर.’ शां म्हणजे शेत. ऑनर म्हणजे मान. तोंबे म्हणजे पडणे. मानाचं शेत पदरात पडलं! अगदी सरळ आहे.

भरमू : पदर कुठं लिवलाय?

नागोजी मास्तर : पदर अध्याहृत आहे.

भरमू : मास्तर, मला वाचाय येत न्हाय. पर ह्ये शब्द माझ्या कानात बसल्यात. खड्डा आमी खणायचो, माणूस खाली सोडायचो, मग त्या गावचा पाटील टोपी काढून ह्येच म्हणायचा. तोंबे ओ शां दॉनर. पहिल्या दिवशी एकानं शब्द फोडून सांगितलं, तवा मलाबी वाटलं, काय इनामं वाटत्यात ही माणसं! मग कळालं. लढाईत मेला, असं बोलायची ती त्यांची रीत हाय.

नागोजी मास्तर : अरे, पण आरंभीच लिहिलंय, ‘आपणास कळवण्याचा मला मान आहे.’ मरण कळवण्यात कसला मान?

भरमू : तिकडं सरकारी कागद तसाच सुरू हुतो. आमी एका म्हातारीच्या गोठ्यात ऱ्हायलोतो. तिची घोडी लष्करानं धरून न्हेली, त्या कागदातबी मान हुता. म्हातारी वाचत हुती आनि शिव्या घालत हुती. शिव्या तेवढ्या मला नीट कळाल्या.

नागोजी मास्तर : आणि शेवटी? ‘माझ्या अत्यंत आदराच्या भावनांचा स्वीकार व्हावा, ही प्रार्थना.’ मी लोकांना सांगितलं, पत्र धाडणारा तिथला पाटील गुंडूवर जीव टाकतो म्हणून.

भरमू : घोडीवरबी टाकत हुता मग.

नागोजी मास्तर : पण त्यांचा बिल्ला सापडला, असं पत्रात आहे... मी पदक म्हटलं...

भरमू : गळ्यातला नावाचा बिल्ला, मास्तर. मेल्यावर माणूस वळखायला. ह्यो बघा, माझ्याबी गळ्यात हाय अजून.

नागोजी मास्तर : हळू बोल. मागं आपल्या सरकारचा कागद आला, त्यात तर ‘पत्ता नाही’ एवढंच होतं. उद्या दस्त आहे, भरमू. यशोदाबाई गुंडूचा वाटा दिराच्या, परशरामच्या, नावे लिहून देणार. बदल्यात तो तिला बोटीनं फ्रान्सला पोचवणार. साक्षीदार मी.

भरमू : झ्याक! तिकडचं शेत मानाचं, हितलं तेवढं खरं. तेच सोडायचं.

नागोजी मास्तर : मी पाँडिचेरीच्या फ्रेंच कचेरीला लिहून खात्री करतो. पंधरा दिवसांत उत्तर येईल. मग सावकाश सांगू. बेळगावच्या हायस्कुलात फ्रेंच शिकवण्यासाठी माझा अर्ज गेला आहे रे. हे बाहेर पडलं तर...

भरमू : शिकवा की. तुमच्या हाताखाली कुणी मरणारच न्हाय.

यशोदाबाई : मास्तर, हाईसा का शाळंत? आगा, भरमू भावजी! कवा आलासा?

भरमू : काल आलो, वैनी.

यशोदाबाई : ऐकलासा न्हवं तुमच्या दोस्ताचं? हितं बांधावर बसून इडी वडायचं, तण भांगलाय मी. त्यास्नी तिकडं बलवून शेत दिलं. त्या लोकांची पारख तरी बघा! मास्तर, उद्या सकाळी दस्ताला या बरं. आनि त्यो ‘बोंजूर’ माझा पक्का झालाय.

नागोजी मास्तर : यशोदाबाई, बसा जरा. मी पत्र पुन्हा पाहिलं. त्याचा अर्थ... असं आहे की, गुंडूराव रणांगणावर कामी आले.

यशोदाबाई : कुणाच्या? माझ्या तर कवा आलं न्हाईत.

भरमू : मास्तर, आता मराठीलाबी कोश आणायचा का? वैनी, गुंडू मेला. लढाईत. त्या पत्रात तेवढंच हाय.

यशोदाबाई : शेत?

नागोजी मास्तर : शेत नाही. मी चुकलो, बाई. मला येत नव्हतं आणि येतं म्हणून मी वाचलं.

यशोदाबाई : कवा?

भरमू : त्याची पलटण तिथं लढली त्याला चार वर्सं झाली. तिकडं त्या साली थंडी लई हुती म्हणत्यात.

यशोदाबाई : चार वर्सं. पुरलं का जाळलं?

नागोजी मास्तर : आता वाचतो, थांबा. कुणी शेतकरी नांगरत होता, त्याला सापडले. गावच्या कबरस्तानात, कुंपणाजवळ ठेवलंय. वर लाकडी फळी आहे. फळीवर नाव आहे.

यशोदाबाई : बरूबर लिवलंय?

नागोजी मास्तर : ‘गुंदू’ लिहिलंय. त्यांच्यात ‘ड’ नाही.

यशोदाबाई : ऱ्हाऊ द्या. कळतंय.

भरमू : वैनी, पानी आणू?

यशोदाबाई : नगं. परशराम भावजींस्नी निरोप सांगा, उद्या मी अंगठा देत न्हाय. आनि मास्तर, त्या पाटलाला उत्तर लिवा.

नागोजी मास्तर : मी? फ्रेंचमध्ये?

यशोदाबाई : तुमीच. मान आनि भावना तेवढ्या घालू नगा.

नागोजी मास्तर : मग काय लिहू?

यशोदाबाई : लिवा, पत्र आज पोचलं.