झुबरूचा दहावा

दोष देवरामकाकांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी ‘पण गोरक्ष, तूही थोडा...’ असं सुरू करायचं नाही. मी नुसतं वाचलं होतं! आणि वाचणं हा गुन्हा असेल तर तो पॉलिटेक्निकमध्ये मी कधी केलाच नव्हता, म्हणून तर दुसऱ्या वर्षी घरी बसलो होतो.

तुम्हाला सांगतो, दोन हजार सहाचा मे महिना. नाशिकजवळ मखमलाबादला आमचा गुलाबाचा मळा, पहाटे फुलं बाजारात टाकली की दिवसभर मला काम नाही, मग मी सायबर कॅफेत जाऊन बसायचो, आणि तिथं कुणीतरी इंग्रजीत लिहून ठेवलेलं सापडलं... की झुबरू मेलेला आहे. झुबरू माहीत नाही? अहो, कार्टूनमधला! निळा, गुबगुबीत, खारीचा पोरगा, जुन्या रेल्वे स्टेशनात एकटा राहतो, प्रत्येक भागात त्याला अक्रोड सापडतो, तो तोंडाशी नेतो आणि नेमका तेव्हाच अक्रोड निसटतो. आम्ही शाळेपासून त्याला हसत आलो. आणि हा लिहिणारा म्हणतो, पहिल्या भागात बर्फ पडतो ना, त्यातच तो उपाशी मेला, पुढचं सगळं म्हणजे त्याचा आत्मा. म्हणून त्या स्टेशनात गाडी येत नाही, म्हणून त्याच्याशी कुणी बोलत नाही, म्हणून अक्रोड तोंडात जात नाही. अंगावर काटा आला हो माझ्या! पण मी केलं काय? काही नाही. जेवताना सहज काकांना सांगितलं.

देवरामकाका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, घरात त्यांच्या परवानगीशिवाय पंखा लागत नाही. त्यांची नात वेदिका, सहा वर्षांची. चार वाजता ताट घेऊन झुबरूसमोर बसायची, झुबरूनं अक्रोड उचलला की ही घास उचलणार. आणि काकांना नेमक्या चारच्याच बातम्या पाहिजेत! तर हा घरातला मोठा माणूस, तालुक्यात ज्याला चार पंचायतींत बोलावतात, तो सहा वर्षांच्या पोरीला काय म्हणाला? “बंद कर ते. मेलाय तो. गोरक्षानं वाचलंय कंप्युटरवर.”

पोरीला टीव्हीसमोरून उठवायला यांना मढं लागलं!

वेदिका रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं ताट सरकवलं, मला विचारलं, उपाशी मेला का? मी नुसतं वाचलं होतं! “मग आधी त्याला खाऊ दे,” म्हणाली, आणि जेवणच सोडलं. चार दिवस नुसतं दूध. लंकाकाकूनं दृष्ट काढली, डॉक्टरनं टॉनिक दिलं, तिनं ते थुंकलं. मी दहादा समजावलं की बाळा, ते चित्र असतं, कुणीतरी बसून काढतो. तर म्हणते, “मग त्यानं अक्रोड तोंडात का नाय काढला?”

पाचव्या दिवशी काकांनी सुपारी तोंडात टाकून निकाल दिला. “अतृप्त हाय तो. दहावा झालेला नाय त्याचा.”

आता तुम्हाला वाटेल घरात कुणीतरी हसलं असेल. माना डोलावल्या हो सगळ्यांनी! माझे वडील, जे पाण्याच्या मोटारी उघडून दुरुस्त करतात, त्यांनीसुद्धा! कावळा शिवला की आत्मा जेवला, हे वेदिकालाही माहीत, गेल्या वर्षीच पणजीच्या वेळी तिनं बघितलेलं. ती म्हणाली, कावळ्यानं अक्रोड खाल्ला की मी खाईन. संपलं.

रामकुंडावर गुरुजी विचारतात, नाव? झुबरू. गोत्र? काका म्हणाले, काश्यप लावा. जाऊन किती दिवस? काकांनी माझ्याकडे बघितलं. पहिला भाग लागून आठ वर्षं झालेली, तसं म्हणावं तर गुरुजी म्हणणार, आता त्र्यंबकला जाऊन तीन दिवसांचा विधी करा. तर हा माणूस म्हणतो कसा, “आजचा दहावा दिवस.” कारण पहिला भाग दहा दिवसांपूर्वी पुन्हा लागला होता! मग पिंड कोण देणार? ज्यानं बातमी आणली तो. म्हणजे मी. मी नुसतं वाचलं होतं हो! न्हाव्यानं डोकं केलं, दाढी केली आणि माझी दोन वर्षं जोपासलेली मिशी एका फटक्यात कुंडाच्या पायरीवर.

पिंडावर अक्रोड ठेवला. आता रामकुंडावरचे कावळे, सकाळपासून दहा घरचं जेवलेले, त्यांना काय पडलंय? अर्धा तास गेला. मग कबुल्या सुरू झाल्या. काकू म्हणाली, दर सोमवारी खारींना दाणे टाकीन. नाही. वडील म्हणाले, टीव्ही नवा घेऊ. नाही. ऊन चढलं, वेदिकाचे ओठ सुकलेले, आणि काका हळूच माझ्याकडे वळले. दोन वर्षं ज्या संधीची वाट बघत होते ना, ती यांनी एका मेलेल्या खारीकडून मिळवली! “गोरक्षाचंच असंल त्याच्या मनात. हा त्याला बघत बसला अन् अभ्यास बुडाला. डिप्लोमा पुरा करतो म्हण.”

मी म्हणालो, मरेन पण म्हणणार नाही. सायबर कॅफेवाल्यानं मला जूनपासून कामावर घ्यायचं ठरवलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी मी हवा होतो.

वेदिकानं माझं बोट धरलं. “म्हण ना, काका. त्याला भूक लागलीय.”

म्हटलं.

आणि कावळा आला! भाताकडे ढुंकून बघितलं नाही, अक्रोड उचलला आणि गेला. वेदिकानं तिथंच, पायरीवर बसून, चार केळी खाल्ली. काका म्हणाले, बघ, त्याची पण तीच इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी चार वाजता वेदिका ताट घेऊन झुबरूसमोर. झुबरूच्या तोंडाशी आलेला अक्रोड निसटला, ती खदाखदा हसली. शेजारी काका. तेही हसले.

मी जूनमध्ये पॉलिटेक्निकला गेलो. नऊ विषय मागे ठेवून त्याच फाटकातून परत आलो, तोवर सायबर कॅफेच्या जागी चपलांचं दुकान झालं होतं. मला हे सगळं तीन वर्षांना आणि एका मिशीला पडलं. मिशी परत आली.