तिसऱ्या मजल्यावरची खाच

— तसं नाही मिस्त्री, सगळा कठडा घासा ना, चकचकीत करा, मी कुठे नको म्हणतेय — फक्त वर तिसऱ्या मजल्यावर, माझ्या दारासमोर, लाकडाला एक खाच आहे, तेवढी सोडा. खराब कशाची? मीच पाडलीय ती, भाजीच्या सुरीने. माझ्या धाकट्या भावाला दिसत नाही. जिन्याचे मजले सगळे सारखे, पायऱ्या मोजायचा त्याला कंटाळा, चौथ्यावरच्या बाईंचं दार ठोठावून यायचा बिचारा. मग ही खाच. कठड्यावरून हात सरकवत वर यायचा, बोट अडकलं की थांबायचा — "ताई, आलो गं."

हसाल तुम्ही, पण प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं मी हेच बघितलं. डीएनए ऐकलंय ना? पिळलेली शिडी असते, आत अक्षरं चारच, पण ओळ ही एवढी लांब. आणि काही प्रथिनं असतात, त्यांनी नेमक्या जागी जाऊन बसायचं, मगच तिथलं काम सुरू होतं — किंवा बंद होतं. आता डोळे नाहीत, जागा कळते कशी? शिडी उघडून वाचतात? छे, बाहेरच्या खोबणीत बोट घालून चाचपतात. कुठेही सैल धरायचं, सरकायचं, सुटायचं, परत धरायचं — आपले उंचवटे हाताला लागले की मात्र घट्ट बसायचं. आम्ही मुद्दाम एखादं अक्षर बदलून बघायचो. की गेलंच ते प्रथिन पुढे सरकून, जशी कधी ओळखच नव्हती. मला मेलीला तेव्हा गंमत वाटायची.

तो? नाही, इथे नसतो. तीन वर्षं झाली. बोलले मी त्याला — तुझ्यापायी माझा संसार झाला नाही, म्हटलं. काठी टेकत निघून गेला. फोन? कसा करेल — रागाच्या भरात नंबर बदलला ना मी. आणि मी करावा, तर आता त्याच्या नंबरवर भलताच माणूस बोलतो. दारही नवं बसवलंय, बेलचा आवाज वेगळा. त्याच्या हाताला ओळखीचं असं तेवढंच उरलंय. म्हणून म्हणते, वरती नुसतं पॉलिश — काय? सकाळीच? सगळ्या भेगा लांबी भरून बुजवल्यात? तिसऱ्यावरसुद्धा?

वाळली असेल का हो? — नाही, तुम्ही नका येऊ. सरका बाजूला, मला वर जाऊ द्या. नखाने निघेल.