गोळा कुणाच्या हातात

अमृता : थांबा अण्णा. सात मिनिटं चाळीस सेकंद झाले.

साहेबराव : अगं, अजून स्टेशनवरच आहे मी. मुद्दा पुढं आहे.

अमृता : आज केबलवरच्या चर्चेत तुम्हाला पाच मिनिटं आहेत. इंद्रजीतनं दोनदा सांगितलंय, पाच झाली की माइक बंद.

साहेबराव : केबलवाल्याला काय कळतंय. छत्तीस वर्षं रेल्वेत काढली मी. ‘सरकारनं टीव्हीवाल्यांना दोन्ही बाजू दाखवायची सक्ती करावी का?’ असा विषय काढल्यावर रेल्वे येणारच की मधी.

कडूबाई : यांच्या बोलण्यात रेल्वे येतीच. माझ्या बाळंतपणात पण आलती.

साहेबराव : तू कांदा चीर. नाय, थांब. तो कांदा दे इकडं. अमे, हा समज लोखंडी गोळा. एकेरी लाइन, इकडं एक स्टेशन, तिकडं एक. ह्या मास्तरनं एकट्यानं ठरवलं म्हणून गाडी सुटत नव्हती. तिकडच्यानं मशीन दाबायचं, इकडच्यानं दाबायचं, तव्हा हा गोळा बाहेर. तो ड्रायव्हरच्या हातात दिला की गाडी हलायची. सक्ती व्हती म्हणून गाड्या धडकल्या नाहीत. टीव्हीला पण असाच गोळा पाहिजे.

अमृता : हे चाळीस सेकंदांत झालं. एवढंच बोला.

कडूबाई : अन माझा कांदा द्या. बेसनात टाकायचाय.

साहेबराव : फोन वाजतोय बघ. इंद्रजीतच असंल, रिक्षा पाठवली म्हणायला. स्पीकरवर टाक.

अमृता : नको, मीच बोलते. हॅलो. हो, इंद्रजीत. जयभीम. तयार आहेत ते... काय? कधी? अरे, मग आता? साडेचार वाजलेत. बरं, बघते. रिक्षा निघालीच आहे तर येऊ दे. दहा मिनिटांत सांगते.

साहेबराव : काय झालं?

अमृता : नानासाहेब वकील येत नाहीत.

कडूबाई : कोण नानासाहेब?

अमृता : समोरची बाजू मांडणार होते ते. सक्ती नको म्हणणारे. त्यांना दहा मिनिटं हवी होती. पाच मिनिटांसाठी क्रांती चौकातल्या स्टुडिओचा जिना चढत नाही म्हणाले.

साहेबराव : नसू दे. मी एकटा बोलतो. दहाच्या दहा मिनिटं.

अमृता : अण्णा, दोन्ही बाजू पाहिजेत असं बोलायला तुम्ही एकटेच बसणार?

कडूबाई : बसत्याल की. त्यांना काय.

अमृता : इंद्रजीत म्हणतो, समोर कुणी नसेल तर कार्यक्रम रद्द. त्या वेळात बोअरवेलच्या जाहिराती लावणार.

साहेबराव : रद्द? अगं, सोयगावला भागूबाईनं मोबाइल टीव्हीला जोडून ठेवलाय. अख्खी आळी बोलावलीय तिनं. भाऊ टीव्हीवर येणार म्हणून चिवडा केलाय! मला काय तोंड राहील? तू बस. तू कॉलेजात शिकवती, तुला बोलता येतंय.

अमृता : मला जमणार नाही. मला दोन्ही बाजू पटत नाहीत.

साहेबराव : म्हणजे?

अमृता : मागच्या महिन्यात तुम्हाला ताप होता. एका थर्मामीटरनं एकशे दोन दाखवला. दुसऱ्याचा सेल उतरला होता, त्यानं चौऱ्याण्णव. मी दोन्हींना सारखा मान देऊन सरासरी काढली असती तर किती? अठ्ठ्याण्णव. एकदम ठणठणीत.

साहेबराव : तर मी उठून पिसादेवी गावातल्या लग्नाला गेलो असतो.

अमृता : आणि मांडवात पडला असता. पण एकच थर्मामीटर ठेवा असंही मी म्हणणार नाही. तो बिघडला तर कळणार कसं? हे पाच मिनिटांत सांगून कुणाला पटणार नाही.

साहेबराव : मग संपलं. भागूबाईला फोन लाव. चिवडा खा म्हणावं.

कडूबाई : मी बसते.

साहेबराव : कुठं?

कडूबाई : तुमच्या समोर. खुर्चीवर.

साहेबराव : तू? अगं, तिथं बोलायचं असतंय.

कडूबाई : मग मी काय एवढी वर्षं मुकी हाय का?

साहेबराव : अन सक्ती नको असं बोलायचंय. तुला पटतंय का ते?

कडूबाई : व्हय. पटतंय.

साहेबराव : हे कधीपासून?

कडूबाई : तुम्ही कधी इचारलं?

अमृता : माय, खरंच बोलशील? मग एकदा इथं बोलून बघ. मी वेळ लावते. अण्णा, तुम्ही गप्प बसायचं. हं, चालू.

कडूबाई : माझं म्हणणं असं, की सरकारनं टीव्हीच्या मधी...

साहेबराव : आधी नमस्कार घाल. जयभीम घाल.

अमृता : अकरा सेकंद.

साहेबराव : काय अकरा सेकंद?

अमृता : अकराव्या सेकंदाला तुम्ही मधे बोललात. माय, पुन्हा.

कडूबाई : जयभीम. मी कडूबाई. अंगणवाडीत मदतनीस व्हते. माझं म्हणणं असं...

साहेबराव : मदतनीस कशाला सांगती? सेविका म्हण, कोण तपासायला येतंय.

अमृता : नऊ सेकंद. कमी होत चाललंय.

साहेबराव : मी चांगल्यासाठीच सांगतोय!

कडूबाई : अमृता, तो कांदा दे मला. अहो, गोळा एका टायमाला किती गाड्यांना मिळायचा?

साहेबराव : एकाच. दोघांना दिला तर टक्कर व्हईल की.

कडूबाई : अन तवर दुसरी गाडी?

साहेबराव : उभी. शिंगलपाशी.

कडूबाई : लग्नापासनं मी शिंगलपाशी हाय. आता गोळा माझ्याकडं. अमृता, लाव गं वेळ.

अमृता : लावला.

कडूबाई : जयभीम. मी कडूबाई, अंगणवाडीत मदतनीस व्हते. यांचं म्हणणं, कुणी आपल्या मनानं काय देत नाय, कायदा झाला तव्हाच मिळालं. खरं हाय. माझी माय ज्या हिरीपासनं लांब उभी राहायची, तिथं मी कायद्यानं गेले. पण कायद्यानं मला हिरीवर नेलं. हिरीवर जाऊन काय बोलायचं, ते नाय सांगितलं. ते माझं मी बोलले. आता सरकार म्हणंल, याला पाच मिनिटं, त्याला पाच मिनिटं. मी खिचडी वाटलीय. वाटणाऱ्याच्या हातात पळी असती. वाटी सारखी दिसती, पण खालचं घट्ट कुणाला अन वरचं पाणी कुणाला, ते पळीवाल्यालाच ठावं. सरकार दोन बाजू निवडंल. एक सोताची, अन दुसरी सोताला परवडंल अशी. मग तिसरी कुठं जाईल? आमच्या वस्तीत कॅमेरा जयंतीला येतो, मिरवणूक दाखवतो, जातो. नळाला पाणी कधी येतं ते इचारायला कुणी येत नाय. ती कुठल्या पार्टीची बाजू? कुठलीच नाय. कुणी खोटं सांगितलं तर धरा, दंड करा. पण कोण किती बोलणार ते सरकारनं वाटू नये. अन यांचं एक बरोबर हाय. आपसूक कुणी कुणाला बोलू देत नाय. घरात पण नाय. त्याला काय करायचं, ते मला अजून कळलं नाय. झालं.

अमृता : माय...

कडूबाई : किती झालं?

अमृता : एक मिनिट वीस सेकंद.

साहेबराव : एवढंच? अजून तीन मिनिटं चाळीस सेकंद पडलेत. बोल की.

कडूबाई : आणखी काय बोलू? मधी कुणी बोललं नाय, तर एवढंच व्हतं.

(खाली रिक्षाचा हॉर्न दोनदा वाजतो.)

अमृता : रिक्षा आली. इंद्रजीतला कळवते, समोरची बाजू घरातूनच निघाली म्हणून. अण्णा? अण्णा, उठताय ना? तुमचं भाषण घेतलं का?

साहेबराव : घेतलं. स्टेशन जरा कमी करतो त्यातलं.

कडूबाई : करू नका. गोळ्याचं तेवढं चांगलं हाय.

साहेबराव : असू दे. तू चप्पल घाल. अन तो कांदा खाली ठेवला बघ तू. घे बरोबर.