उसवलेला टाका

हॅलो?… ताई? अगं, आहेस कुठे? आम्ही सगळ्या टेबलाशी खोळंबलोय!

येणार नाहीस म्हणजे?… आज की कधीच?

हो, हो… अगं ऐक ना! त्या कोटाचंच ना? कोपरावरचं ठिगळ वेडंवाकडं दिसलं, तुझे हात शिवशिवले आणि टाका उसवलास. जन्मभर पोरांचे कपडे नीट केलेस, सवय कुठे जाते?… हो गं बाई, ठाऊक आहे मला. संग्रहालयात जुना टाका सुधारायचा नसतो. शंभर वर्षांपूर्वी कुठल्याशा आईने घातलेला, वाकडा तर वाकडा, तसाच जपायचा…

रडू नकोस ना.

मॅडम?… चिडल्या काल, खोटं कशाला सांगू! पण काढून टाकतील कशाला? बिनपगारी माणसाला कोण काढतं?

ऐक तरी! तू उसवलेला दोरा त्यांनी चिमट्याने उचलून डबीत ठेवलाय. भिंगातून बघितलं, सुईची भोकं जशीच्या तशी आहेत. दोरा पुन्हा तिथेच ठेवायचा आणि वरून केसाएवढ्या बारीक रेशमाने टाचून धरायचा.

मी?… मला काय कळणार! फोटो आहे, पण तो वरच्या बाजूचा. आतून दोरा कसा फिरवला होता, ते उसवताना तूच पाहिलंस. मॅडमच म्हणाल्या, ताईंनाच बोलवा… आईशप्पथ!

पुन्हा चुकलं तर? नाही चुकणार. मी शेजारी बसते, भिंग धरते.

ताई… एक सांगू? भाऊजी गेल्यावर तू बोलणंच टाकलं होतंस. मी तुला इथे ओढून आणलं, ते काय कपड्यांसाठी? त्या झग्याची धूळ काढताना तू खुदकन हसलीस ना, तेव्हा मी आत जाऊन रडले होते. कोट राहू दे बाजूला. मला तू हवी आहेस गं…

हॅलो?… ऐकतेयस ना?… हा आवाज कसला? इथल्या फाटकाचा?… तू खाली आहेस?

काय? ओळखपत्र परत करायला?

वॉचमनकाकांना फोन दे. दे म्हणते ना!

हॅलो, काका? बाईंचं ओळखपत्र घेतलंत?… मग परत द्या त्यांना. आणि गळ्यात घालेपर्यंत तिथून हलू नका…

घातलं?… रडतायत?… रडू द्या. खुर्ची द्या त्यांना. मी आलेच खाली.