दिलदारच्या तापाला दार एकच

...आन् वर लोक मलाच इचारत्यात, "आकाराम, दिलदार पळाला कशापायी?" अवो, पळंल न्हाईतर काय करंल! तुमास्नी सांगतो, शिरोलीच्या फौंड्रीत माझ्या शेजारी भट्टीवर राबणारा गडी, लोखंडाच्या रसाला भ्याला न्हाय, पर सुई बघितली की... पांढराफटक! लिव्हरची सी जातीची कावीळ निघाली आन् डॉक्टर ललिताबाईंनी एकाआड एक दिवस इंटरफेरॉनचं इंजेक्शन लावलं. टोचलं की हुडहुडी, ताप, हाडं कुटल्यागत!

"बाई, ह्यो नगं. दुसऱ्या जातीचा द्या की!"

"दिलदारभाई, पेशीच्या दाराला दोन फळ्या असतात असं समजा. इंटरफेरॉन दोन्ही धरून जवळ आणतो, कडी वाजते, आत निरोप जातो, व्हायरस आलाय, तयारीला लागा! त्या गडबडीचाच हा ताप. अल्फा द्या, बीटा द्या, दार तेच!"

दार तेच! मग माणसानं जायाचं कुठं? घरात बायको मेहमुदा पहाऱ्याला, आन् इंजेक्शन फ्रिजमधी, अंड्यांच्या शेजारी! दूध काढाय गेला तरी त्येच्याकडंच बघतंय!

शेवटी गडी कामावर म्हणून निघाला आन् धरली की गडहिंग्लजची यष्टी! बहिणीकडं, तमन्नाकडं. तर तिथं घरदार फ्लूनं आडवं! "भाई, बरं झालं आलास, जरा काढा उकळ." सगळ्यांस्नी काढा पाजला, आन् दोन दिसांनी ह्योच... हुडहुडी! ताप! हाडं कुटल्यागत! सुईबिगर!

तमन्नानं गुपचूप फोन केल्ता. मेहमुदा दारात, हातात बर्फाचा थर्मास, त्यात इंजेक्शन. वाटलं, आता धुणार! तर कपाळाला हात लावला आन् रडायलाच लागली वो. "अजी, तुमास्नी काय झालं तर मी कुणाकडं बघू?"

गड्यानं स्वतःच डॉक्टरबाईंना फोन लावला. "बाई, सुई चुकवली. तरी ताप कसा?"

"फ्लू झाला की शरीर स्वतःच इंटरफेरॉन बनवतं. तो जाऊन बसतो कुठं?"

"...दार तेच."

"हं! आता हा ताप उतरला की लगेच इंजेक्शन घ्या."

पुढं कोर्स पुरा झाला, रिपोर्टात व्हायरस सापडला न्हाय, ते सगळं खरं. पर त्या दिवशी फोन ठेवला, गोधडी डोक्यावर ओढली आन् आतनं म्हणतोय कसा, "मेहमुदा, ताप उतरायची गोळी दे... परत चढवायचाय."